लेकरं, संसार आणि नर्सिंगचं शिक्षण : तुम्ही कसं निभावलंत?

धागाकर्ती, सांगली

मी जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. वय ३१, मुलगा सहा वर्षांचा. बारावी झाली, लग्न झालं आणि शिक्षण अकरा वर्षं मागे पडलं. वर्गातल्या बाकीच्या मुली अठरा-एकोणीसच्या, मला ताई म्हणतात.

परवा पोराला १०२ ताप होता. सकाळी सातची मेडिकल वॉर्डची ड्यूटी. त्याला सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि निघाले. दिवसभर दुसऱ्यांच्या काखेत थर्मामीटर लावून टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट भरत होते आणि घरच्या तापाचा आकडा मात्र दुपारी दोनपर्यंत कळला नाही, कारण वॉर्डात फोन चालत नाही. रजा घ्यावी तर ८० टक्के हजेरीशिवाय परीक्षेला बसता येत नाही आणि क्लिनिकलचे बुडलेले दिवस तर नंतर एकूण एक भरून द्यावे लागतात. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. शिकाऊ हाताखाली माणूस असतो, हजेरी हवीच. पण त्या रात्री केअर प्लॅन, म्हणजे पेशंटच्या देखभालीचा आराखडा, लिहिताना रडू आवरलं नाही.

ज्या या वाटेने गेल्या आहेत त्यांनी लिहा. सल्लाही चालेल, पण आधी घडलेलं सांगा.

बीड जिल्ह्यातून

ताई, मी गावात आशा सेविका होते. मालक वारल्यावर ३३व्या वर्षी एएनएमला, म्हणजे गावपातळीवरच्या नर्सबाईच्या कोर्सला, प्रवेश घेतला. दोन मुली, थोरली सातवीत. वर्गातलं शिकणं जमलं, जीव काढला तो लेबर रूमने. केसबुकात ठरावीक बाळंतपणं स्वतः केलेली लिहावी लागतात, आणि बाळंतपण काही घड्याळ बघून होत नाही. एकदा दुपारी चारला एक पहिलटकरीण आली. उठून गेले असते तर केस दुसरीच्या नावावर लागली असती. रात्री पावणेदोनला मोकळी झाली. बाळ रडलं, नाळ बांधली, वजन २ किलो ७०० भरलं. मग माझ्या पायांतलं बळच गेलं, वॉर्डातल्या मावशींनी चहा दिला.

सकाळी घरी आले तर थोरलीने कणीक मळून ठेवलेली. पार सैल, पोळपाटाला चिकटत होती. तशाच भाकरीसारख्या थापून खाल्ल्या आम्ही तिघींनी.

परीक्षेच्या वेळी तिनेच माझी व्हायवा (तोंडी परीक्षा) घेतली. वही हातात धरून विचारायची, "आई, गर्भाशय बेंबीला लागलं म्हणजे किती आठवडे?" मी पोळ्या लाटता लाटता सांगायचे, चोवीस. आता मी उपकेंद्रावर आहे आणि ती बारावी सायन्सला.

नाशिक, एका सिस्टरचा नवरा

बाईमाणसांच्या धाग्यात लिहितोय, चालेल ना? बायको स्टाफ नर्स होती, नोकरी थांबवून दोन वर्षांचं पोस्ट बेसिक (डिप्लोमानंतरची नर्सिंगची पदवी) केलं. मला वाटायचं मी फार मदत करतो : डबा भरतो, युनिफॉर्मला इस्त्री करतो. खरी गोष्ट उशिरा कळली. नाईट करून आलेल्या माणसाला दिवसा झोप लागते, ती घरच्यांनी राखायची असते. आम्ही मिक्सर संध्याकाळी सातनंतरच लावायचो आणि दारावरच्या बेलची वायर काढून ठेवली. माझी आई आधी म्हणायची, सूनबाई दुपारी चारपर्यंत लोळते. मग एकदा आईचंच ऑपरेशन झालं आणि तिने वॉर्डातली रात्रपाळी डोळ्यांनी पाहिली. त्यानंतर पाहुण्यांना दारातच गप्प करायचं काम तिचं.

मेलबर्न

इथे पदवी तीन वर्षांची, त्यात किमान ८०० तास प्लेसमेंट, म्हणजे हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष शिकाऊ काम, तेही बिनपगारी. दोन मुलं, आणि आजी-आजोबा सहा महिन्यांच्या व्हिसावर येतात तेवढेच. प्लेसमेंट कुठल्या गावी लागेल ते नेमकं आधी कळत नाही, मग पाळणाघराच्या वेळा आणि स्वतःचं पार्टटाइम काम दोन्ही कोलमडतं. जुलै २०२५पासून ठरावीक अटींत बसणाऱ्यांना सरकार प्लेसमेंटच्या काळात पैसे देतं. मला ते मिळालं नाही, मी त्याआधीच पास झाले. पुढच्या मुलींना मिळतंय याचा मनापासून आनंद आहे.

नाव नको

मी सोडलं. दुसऱ्या खेपेला दिवस गेले, माहेर लांब, फी भरलेली. ट्यूटरनी विचारलं, "पोरं सांभाळायची होती तर आलीस कशाला?" पांढरे बूट अजून कपाटात आहेत. वर सगळ्या जिद्दीने पार झालेल्या दिसतात, म्हणून हेही लिहिलं.

निवृत्त ट्यूटर, पुणे

वरचं वाचून झोप लागली नाही. असं बोलणाऱ्या आमच्यात होत्या, आणि मीही नेहमी मऊ बोलले असं नाही.

बाई, नर्सिंगची घडणच संसार केलेल्या बायकांनी केली आहे. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढलं, तिथल्या बायका ससून हॉस्पिटलमध्ये नर्सिंग शिकायला जात. त्यात विधवा होत्या, टाकलेल्या होत्या. संसार केलेली मुलगी वॉर्डात लवकर रुळते, पेशंटला कूस कशी बदलायची ते तिच्या हाताला ठाऊक असतं. घाबरते ती हिशेबाला. ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचं, सलाईनच्या नळीचे १५ थेंब म्हणजे १ मिली : ५०० गुणिले १५, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला ३१ थेंब. भाजीबाजाराचा हिशेब तोंडी करणाऱ्या बाईला हे येतंच, फक्त कुणीतरी शेजारी बसून दोनदा करवून घ्यावं लागतं.

हजेरीचा नियम माझ्या हातात नव्हता, ड्यूटी लिस्ट होती. सुरुवातीची काही वर्षं मी ती आदल्या दिवशी संध्याकाळी लावायचे. एका विद्यार्थिनीने सांगितलं, मॅडम, आठवडाभर आधी कळलं तर मी बहिणीला बोलावून घेईन. तेव्हापासून महिन्याची लिस्ट २५ तारखेला लावली. माझं काही गेलं नाही. तुमच्या मॅडमना स्पष्ट विचारा, घाबरू नका.

धागाकर्ती, सांगली

विचारलं. दोघी-तिघींनी मिळून विचारलं. "बघू" म्हणाल्या आणि आज खरंच पुढच्या महिन्याची लिस्ट लागली. १४ ते २० नाईट. पोराने कॅलेंडरवर सातही चौकोन निळ्या खडूने रंगवले आणि विचारलं, या रात्री आजीजवळ झोपायचं ना?

'नाव नको' ताई, तुम्ही कुठल्या वर्षाला सोडलंत ते लिहाल का?