हर्नियाच्या ऑपरेशननंतर
निवृत्तीनंतर ऑपरेशन झालं की रिकामा दिवस खायला उठतो असं म्हणतात, ते अगदी पटलं. माझं दुर्बिणीतून हर्नियाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी घरी आलो आणि पोटापेक्षा खांदाच जास्त दुखायला लागला, जाम घाबरलो, मग डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशनच्या वेळी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, तो थोडा आत राहिला की छातीखालच्या पडद्याला त्रास होतो आणि कळ खांद्यात जाते. दोन-तीन दिवसांत थांबली. हे आधीच माहीत असायला हवं हो प्रत्येकाला! खोकला किंवा शिंक आली की टाक्यांवर उशी दाबून धरा, फार आधार वाटतो. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, जोर करावा लागला की ताण तिथेच येतो. घरातल्या घरात थोडं थोडं चाला. वजन मात्र उचलायचं नाही, मला ४ ते ६ आठवडे सांगितलेत, त्यामुळे बायको भरलेली बादलीसुद्धा उचलू देत नाही. सुरुवातीला चिडायचो तिच्यावर. आता दुपारी आम्ही दोघं मिळून पेपरातलं शब्दकोडं सोडवतो, नोकरीत असताना असं निवांत एकत्र बसणं कधी झालंच नव्हतं.