शाळेचा बँड: शिकवताना काय काय लक्षात ठेवायचं? लिहा इथे

मैदानाशेजारी
समोरच्या शाळेत 15 ऑगस्टची तालीम सुरू झालीय. सकाळपासून साइड ड्रम, मधेच तो फाटका बिगुल. जुनं सगळं वर आलं. पाचवी ते आठवीच्या मुलांना बँड शिकवलेल्यांनी लिहा. किस्से राहू द्या, करायचं कसं ते सांगा, नव्या शिक्षकांना लागेल.

सुरुवात करते. पहिले दोन आठवडे वाद्य देऊच नका. जागेवर पाय, एकवर डावा. तोंडाने एका मात्रेत 'धा', मग 'धागे', मग 'तिरकिट', म्हणजे एक, दोन, चार अक्षरं. तिरकिट आलं की पाय पळतो, हमखास. पाय पळायचा थांबला की मगच काठ्या. पाश्चात्त्य नोटेशनमधल्या क्वार्टर, एट्थ, सिक्स्टीन्थ नोट म्हणजे हेच. अंगात मुरल्यावर कागदावरची चिन्हं पटकन कळतात.

डबल स्ट्रोक
तिरकिटला +1. सिक्स-एटचं (सहा-सहा मात्रांचं) मार्चिंग असेल तर दादरा म्हणवून घ्या, तीन-तीन, प्रत्येक तिनाला एक पाऊल.

काठीबद्दल: मागच्या टोकापासून साधारण एक तृतीयांशावर अंगठा आणि तर्जनी, बाकी बोटं नुसती टेकलेली. मुठीत आवळली की काठी उसळत नाही, आणि न उसळणाऱ्या काठीने रोल (सलग घुमणारे ठोके) येत नाही. एकदा पॅडवर (सरावाची रबरी फळी) सोडून द्यायची, आपोआप पाच-सहा वेळा नाचली तर पकड बरोबर. पॅड नसेल तर फळीवर टायरचा तुकडा चिकटवा. त्यावर रोज दहा मिनिटं पॅराडिडल, म्हणजे उजव्या-डाव्या हाताचा ठरलेला क्रम: उ डा उ उ, डा उ डा डा. 'उ डा'सुद्धा आधी तोंडाने!

पितळ
बिगुलात हवा फुंकायची नसते, ओठ थरथरवायचे असतात. आधी नुसतं माउथपीस (ओठ लावायचा सुटा भाग), मग बिगुल. त्याला कळा नाहीत, त्यामुळे सूर पाचच: सा, प, वरचा सा, वरचा ग, वरचा प. रे, म शोधत बसू नका. मुलांना प आणि सा आधी सापडतो, वरच्या ग-ला वेळ लागतो. तो सूर आधी गाऊन घ्यायला लावा. जो गळ्यात नाही तो ओठावर येत नाही.

बिगुल खाली घेतल्यावर ओठ बघा. लालभडक कडं उमटलं असेल तर मूल दाबून वाजवतंय. दाबल्याने क्षणभर वरचा सूर निघतो, पण ओठ बधिर होतो आणि पुढचं सगळं फाटतं. पाच मिनिटं वाजवणं, पाच मिनिटं विश्रांती.

नवीन शिक्षिका
पितळदादा, माउथपीस अडकलंय!! शिपाईमामा पक्कड घेऊन उभे आहेत, काय करू?

पितळ
पक्कड नको ताई, नळी पिळली जाते, झाळलेला सांधा उघडतो. माउथपीस ज्या नळीत बसतं तिच्यावर बाहेरून कोमट पाण्याचं फडकं धरा, ती किंचित फुगते. मग हातानेच हलकं फिरवा. नाही निघालं तर दुरुस्तीवाल्याकडे, त्यांच्याकडे पुलर, म्हणजे माउथपीस ओढून काढायचं अवजार असतं.

एडिसन, न्यू जर्सी
इकडे पुष्कळ शाळांत सहावीत बँड सुरू होतो. भारतीय पालक हमखास विचारतात, मुलीचा क्लॅरिनेटवरचा 'सी' पेटीवर जुळत नाही, तिचं चुकतंय का? नाही चुकत. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटचा सी म्हणजे पेटीची काळी पाच (पाचवी काळी पट्टी), आल्टो सॅक्सोफोनचा काळी दोन. फ्लूट आणि ट्रॉम्बोन मात्र पेटीप्रमाणेच. घरी साथ करायची तर काळी पाच धरून सा रे ग म प वाजवा, पहिले पाच सूर बहुतेक तेच असतात.

क्लॅरिनेट किंचाळतो तो बहुधा भोक अर्धवट झाकल्याने किंवा रीड (तोंडाकडची वेताची पट्टी) चावल्याने. रीड दोन किंवा अडीच नंबरची, वाजवण्याआधी ओली केलेली.

सातारा रोड
संचलनाची लांब रांग मागून मोडते ती मुलांच्या आळसाने नव्हे. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. बँडच्या 34 मीटर मागे असलेल्या मुलाला ठोका एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला 120 पावलं असतील तर पाऊल अर्ध्या सेकंदाचं, म्हणजे तो पाचवा हिस्सा मागे! त्यांना ओरडू नका हो. बँड मधोमध ठेवा आणि मागच्यांना पुढच्याच्या टाचेकडे बघायला सांगा.

आणि राष्ट्रगीत 52 सेकंदांचं. घड्याळ लावून बघा, बासड्रम रेंगाळला की लगेच कळतं.

श्रावणसर
पावसात ड्रमचं चामड्याचं पान उतरतं, म्हणजे सैल पडतं. प्लॅस्टिकचं बरं. आवळताना एक स्क्रू झाला की त्याच्या समोरचा, पाव-पाव फेरा. शेजारचे क्रमाने आवळले तर पान एका बाजूला ओढलं जातं.

मैदानाशेजारी
तालमीला खाऊ काय देता? इथे चिक्की वाटतायत.

पितळ
ड्रमवाल्यांना खुशाल द्या. बिगुलवाल्यांना वाजवून झाल्यावर, चूळ भरून. शेंगदाण्याचा चुरा नळीत जाऊन बसतो.

नवीन शिक्षिका
निघालं!! फडक्यानेच. आतून हिरवट आहे, उकळत्या पाण्यात टाकू?

पितळ
उकळतं नको. कोमट पाणी, थोडा भांड्यांचा साबण, बाटली धुवायचा बारीक ब्रश. दोनदा खळबळून उलटं टांगा. कोरडं झाल्याशिवाय माउथपीस बसवू नका, आणि बसवताना ठोकायचं नाही, नुसतं ठेवून किंचित फिरवायचं.