मदत हवी आहे: इम्युनोथेरपी चालू आहे आणि आई अँटिबायोटिक घ्यायला तयार नाही

आईला फुफ्फुसाचा कर्करोग आहे. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून पेम्ब्रोलिझुमॅब देतात (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढायला लावणारं इम्युनोथेरपीचं औषध). मागच्या स्कॅनमध्ये गाठ बरीच आटलेली दिसली. आता लघवीला जळजळ होतेय आणि आज थंडी वाजून ताप आला. फॅमिली डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं, पण त्याने इम्युनोथेरपीचा गुण जातो असं तिने कुठेतरी वाचलंय. "इतकं लागू पडलेलं औषध मी एका गोळीपायी घालवणार नाही," म्हणते. कॅन्सरच्या डॉक्टरांची भेट पुढच्या आठवड्यात आहे. तोवर थांबलं तर चालेल का? सोबत प्रोबायोटिक (पोटाला उपयोगी जंतूंचं औषध) दिलं तर?

उत्तर १
ताई, थांबू नका. आत्ताच कॅन्सर विभागाला फोन करा, रात्र झाली असेल तरी करा. ताप 38 अंश सेल्सिअसच्या (100.4 फॅरनहाइट) वर आणि सोबत थंडी, म्हणजे संसर्ग रक्तात पसरत असण्याची शक्यता असते आणि तो काही तासांत जिवावर बेतू शकतो. आई स्टेरॉइड घेत असतील तर तेही सांगा, त्याने ताप दबतो.

आईंनी वाचलंय ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. 2018 मध्ये 'सायन्स' या संशोधन-पत्रिकेत आलेल्या अभ्यासात, उपचार सुरू होण्याच्या आसपास अँटिबायोटिक घेतलेल्यांना इम्युनोथेरपीचा फायदा कमी झालेला दिसला. कारण म्हणून आतड्यातल्या जंतूंकडे बोट दाखवलं जातं. पण अँटिबायोटिक लागणारे रुग्ण मुळातच जास्त आजारी असतात, त्यामुळे सगळा दोष गोळीवर टाकता येत नाही. 2019 च्या एका अभ्यासात तर हा संबंध उपचाराआधी घेतलेल्या अँटिबायोटिकशीच दिसला, उपचार चालू असताना घेतलेल्याशी नाही. आईंचे उपचार केव्हाच सुरू झालेत. साध्या सर्दीला अँटिबायोटिक नको, हे खरंच. इथे मात्र गरज आहे. शक्य असेल तर पहिल्या गोळीआधी लघवीचं कल्चर (कोणते जंतू आहेत ते शोधणारी तपासणी) करायला द्या, म्हणजे नेमकं औषध निवडता येतं; पण त्यासाठी डोस लांबवू नका.

उत्तर २
वरच्या उत्तराशी सहमत. जुलाब लागले तर "अँटिबायोटिकमुळेच असतील" असं घरी ठरवू नका. इम्युनोथेरपीमुळेही आतड्याला सूज येते आणि तिचा इलाज अगदी वेगळा असतो. जुलाब थांबवायची गोळी स्वतःहून देऊ नका, आधी फोन करा. प्रोबायोटिकही विचारल्याशिवाय नको. इम्युनोथेरपी घेणाऱ्या मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) रुग्णांवरच्या 2021 मधल्या अभ्यासात त्याचा फायदा दिसला नव्हता. तंतुमय आहार घेणाऱ्यांची स्थिती मात्र बरी होती. आणि गोळ्यांचा कोर्स मध्येच सोडू देऊ नका.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. फोन केल्यावर लगेच बोलावलं. रक्ताचं आणि लघवीचं कल्चर घेऊन शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलंय. कॅन्सरच्या डॉक्टरांनी स्वतः समजावल्यावर आई तयार झाली. पुढचं सलाइन ताप उतरल्यावर ठरवू म्हणाले. ते पुढे ढकलायची वेळ कुणावर आली होती का? आईचा सगळा जीव आता त्यातच अडकलाय.