मदत हवी आहे: दिरांना एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना) पहिल्या मीटिंगला न्यायचं आहे

रानजाई
धाकटे दीर, वय ४२. रोज दोन क्वार्टर, सुट्टीला तीन. परवा स्वतःहूनच "एएला जाऊन बघतो" म्हणाले. मन बदलायच्या आत हालचाल करायची आहे. राहतात सांगली जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. मीटिंग शोधायची कशी? नाव-पत्ता द्यावा लागतो का? जाऊबाई सोबत बसल्या तर चालेल का? पत्ता चर्चचा निघाला तर सासूबाई बिथरतील, ते वेगळंच. आणि सोमवारपासून दारू पूर्ण बंद करून मगच न्यायचं असं घरात ठरतंय, ते बरोबर आहे का?

केसपेपर
शेवटचा प्रश्न आधी घेतो. घरच्या घरी एकदम बंद करू नका.

दोन क्वार्टर म्हणजे ३६० मिली. ४२.८ टक्क्यांची असेल तर सुमारे १२० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. रोज एवढ्याची सवय लागलेल्या शरीराची दारू अचानक तुटली की ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण ४८ ते ९६ तासांत भास होणं, जागा-वेळेचं भान जाणं सुरू झालं तर ते जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी मनोविकारतज्ज्ञ, नाहीतर जिल्हा रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी. रोज किती, शेवटची कधी, पूर्वी फिट आली होती का, दुसरी कुठली औषधं चालू आहेत, एवढं कागदावर लिहून न्या. बहुतेकदा काही दिवस उतरत्या मात्रेत गोळ्या आणि सोबत थायमिन, म्हणजे बी१, देतात. कुणाच्या उरलेल्या गोळ्या देऊ नका.

आपल्याकडे अशक्तपणा दिसला की सलाइन लावायची घाई असते. ग्लुकोजचं असेल तर आधी थायमिन दिलंय का विचारा. शरीरात थायमिन नसताना नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. फिट आली, भास झाले, तर थेट १०८.

मीटिंगसाठी मात्र दारू सुटायची वाट बघायला नको. एएची अट एकच, पिणं थांबवायची इच्छा. त्या दिवशी घेतलेली असली तरी गोंधळ न घालता मागे बसून ऐकता येतं.

धोपटमार्ग
नुसतं 'एए मीटिंग' शोधलंत तर वर खासगी नशामुक्ती केंद्रांच्या जाहिराती येतात. फोनवरचा माणूस पॅकेज सांगू लागला किंवा "गाडी पाठवतो, उचलून आणतो" म्हणाला, की तो एए नव्हे, फोन ठेवा. एएला फी नाही, भरती करून घेणं नाही, औषध नाही.

एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर शहरवार यादी आहे. तिच्यावर डोळे झाकून विसंबू नका. वर्गखोलीत भरणाऱ्या गटाची जागा परीक्षा, निवडणूक, मे महिन्याची सुट्टी यांत हलते. निघण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: आज मीटिंग आहे का, खुली (घरच्यांनाही बसता येईल अशी) की बंद (फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांची), भाषा कुठली. फोन दिरांनी स्वतः केलेला उत्तम. घरच्यांनी केला तर माहिती मिळते, पण पलीकडचा सभासद बहुधा "त्यांनाच बोलू द्या" म्हणतो, आणि ते योग्यच आहे.

जवळ गट नसेल तर आठवड्यातून एकदा मोठ्या गावी आणि बाकीचे दिवस ऑनलाइन, असं जमवता येतं. ऑनलाइनला पडद्यावर दिसणारं नाव आधी बदला, पूर्ण नाव झळकत राहतं. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, पण ती वेगळी, एएची नव्हे.

चर्चबद्दल: एए बाहेरची देणगी घेत नाही, सभासदांच्याच पैशांवर चालते. त्यामुळे स्वस्त खोली मिळेल तिथे गट भरतो, मग ती शाळा असो की चर्चचा हॉल. प्रार्थना असते, 'परमेश्वर' शब्दही येतो, पण 'आपापल्या समजुतीप्रमाणे' या पुस्तीसह. धर्म कुणी विचारत नाही.

खिडकीपाशी
नाव फक्त पहिलं, तेही खोटं सांगितलं तरी चालतं. हजेरीपट नाही. मीटिंग साधारण एक ते दीड तास. थोडं वाचन, मग एकेक जण पाच-दहा मिनिटं बोलतो. मध्ये कुणी सल्ला देत नाही, प्रश्न विचारत नाही. "आज फक्त ऐकतो" एवढं म्हटलं तरी पुरतं. पैशांची पिशवी फिरते, नवख्याने काही टाकलं नाही तरी चालतं.

खुल्या मीटिंगला जाऊबाई बसू शकतात, बंद मीटिंगला नाही. खुलीतही बायको शेजारी असली की माणूस मोजूनमापून बोलतो. त्यांच्यासाठी अल-अनॉन आहे, १९५१ साली घरच्यांसाठीच वेगळी सुरू झालेली. दीर गेले नाहीत तरी जाऊबाईंनी जावं.

एका मीटिंगवरून मत बनवू नका. गटागटात फार फरक असतो. निदान सहा, शक्यतो दोन वेगळ्या गटांत. लोक घसरतात ते बहुतेक मीटिंग सुटल्यावर: पटकन निघतात, कुणाचा नंबर घेत नाहीत, आणि रात्री तलफ आली की फोन करायला कुणी नसतं. दोन नंबर घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. स्पॉन्सर, म्हणजे नवख्याला हाताशी धरणारा जुना सभासद, सावकाश ठरवा, पुरुषाला पुरुष. तो उसने पैसे मागू लागला तर बदला.

आणि कुणी "गोळ्या सोड, तेही व्यसनच" म्हणालं तर ऐकू नका. सभासदांनी डॉक्टरकी करू नये, हे एएचंच म्हणणं आहे.

रानजाई
सोमवारचं रद्द, आधी ओपीडी. एक विचारायचं राहिलं. सासूबाईंनी दारू सोडवायची पावडर मागवली आहे, दिरांना न कळत जेवणात घालायची.

केसपेपर
देऊ नका. आत काय आहे ते पाकिटावर खरं लिहिलेलं असेलच असं नाही. डायसल्फिरम, म्हणजे दारू सोडवण्यासाठी दिलं जाणारं औषध, असेल आणि वर दारू गेली, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, बीपी कोसळतं, क्वचित मृत्यूही होतो. हे औषध माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, शेवटच्या दारूनंतर निदान १२ तासांनी, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. बंद केल्यावरही परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. त्या काळात आसव-अरिष्टंही वर्ज्य, त्यांत अल्कोहोल तयार होतं. आधीच दिली गेली असेल तर पाकीट घेऊनच ओपीडीत जा.

रानजाई
अजून दिलेली नाही, कपाटात आहे. पाकीट घेऊनच जाते.