सर्वकालीन सर्वोत्तम फॉरवर्ड लाइन: माझं मत हॉथॉर्न १९८८-८९ ला. तुमचं?

वेरिबीकर:

फूटीच्या (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या) गप्पांत ‘सगळ्यांत मोठा फुल फॉरवर्ड कोण’ हा वाद बारा महिने चालू असतो. लॉकेटचे १३६० गोल, कॉव्हेंट्रीचे १२९९, अवघ्या ९८ सामन्यांत कोलमनचे ५३७. आकडे समोर ठेवले की निम्मा वाद तिथेच संपतो. मला मात्र एकट्या माणसापेक्षा सहा जणांची पूर्ण फळी जास्त महत्त्वाची वाटते, आणि तिच्यावर फारसं कुणी बोलत नाही. म्हणून हा धागा.

खेळ नव्यानं बघायला लागलेल्यांसाठी थोडक्यात: अठरा जणांतले सहा आक्रमणात असतात. गोलखांबांसमोर फुल फॉरवर्ड आणि त्याच्या दोन बाजूंना फॉरवर्ड पॉकेट. त्यांच्यापुढे, मैदानाच्या मध्याकडे, सेंटर हाफ फॉरवर्ड आणि दोन हाफ फॉरवर्ड फ्लँक. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू पायानं मारला तर गोल, सहा गुण. उंच खांब आणि त्याच्या बाजूचा आखूड खांब यांच्यामधून गेला तर बिहाइंड, एकच गुण. किक हवेत झेलली की मार्क, मग कुणी अंगावर न येता निवांत मारता येतं.

माझी कसोटी एकच. समोरच्या संघानं तुमचा सगळ्यांत मोठा माणूस जखडून टाकला, तर उरलेले पाच जण काय करतात? एका माणसाच्या जिवावर चाललेली फळी कितीही गोल करो, तिला मी थोर म्हणणार नाही.

१९८८-८९ च्या हॉथॉर्न संघाकडे फुल फॉरवर्डला जेसन डन्स्टल होता. पहिल्या वर्षी १३२ गोल, दुसऱ्या वर्षी १३८. त्याच्यापुढे सेंटर हाफ फॉरवर्डला डर्मट ब्रेरटन, अंगावर घेणारा, हवेतला चेंडू आपलाच म्हणून झेपावणारा. फ्लँकवर गॅरी बकेनारा. शिवाय पीटर करन. १९८८ च्या ग्रँड फायनलला, म्हणजे मोसमाच्या निर्णायक अंतिम सामन्यात, मेलबर्न संघाला ९६ गुणांनी लोळवलं, त्यात डन्स्टलचे सात आणि ब्रेरटनचे पाच गोल.

पण माझं मत ठरतं १९८९ वर. जिलाँगविरुद्धच्या ग्रँड फायनलला सामना सुरू होताक्षणी मार्क येट्सनं ब्रेरटनला असा काही धडकून पाडला, की दुसरा कुणी स्ट्रेचरवरून गेला असता. बरगड्या मोडलेल्या, मैदानावरच ओकला, आणि तरी बाहेर जायला तयार नाही. थोड्याच वेळात त्यानं मार्क घेतला आणि गोल केला. दिवसअखेर त्याचे तीन गोल. हॉथॉर्न सहा गुणांनी जिंकले, १४४-१३८. आता हिशेब बघा. हॉथॉर्नचे एकवीस गोल, त्यांत डन्स्टलचे फक्त चार. ब्रेरटनचे तीन धरले तरी उरतात चौदा, आणि ते इतरांनी केले. तिकडे जिलाँगचेही एकवीसच, पण त्यांतले नऊ एकट्या गॅरी ॲब्लेटचे. एकीकडे एक महान खेळाडू होता, दुसरीकडे एक महान फळी. कप फळीनं नेला.

कार्ल्टनवाली:

वेरिबीकर, आदर ठेवून असहमत. कसोटी तुमचीच घेते. १९८७ ची ग्रँड फायनल का वगळलीत? डन्स्टल घोट्याच्या दुखापतीमुळे बाहेर होता. ब्रेरटन होता, बकेनारा होता. हॉथॉर्नचे गोल किती? नऊ. कार्ल्टननं ३३ गुणांनी हरवलं. मोठा माणूस नसताना उरलेल्या पाचांनी काय केलं, त्याचं उत्तर स्कोअरबोर्डवर आहे.

माझं मत कार्ल्टन १९७२ ला. रिचमंडविरुद्धच्या ग्रँड फायनलला २८ गोल आणि ९ बिहाइंड, एकूण १७७. ग्रँड फायनलमध्ये इतके गुण आजवर दुसऱ्या कुणी केलेले नाहीत. ॲलेक्स जेसॉलेंको सात, रॉबर्ट वॉल्स सहा, जॉन निकल्स सहा. एकाच फळीतल्या तिघांचे मिळून एकोणीस! यांतला निकल्स हा मुळात रकमन (उडवलेल्या चेंडूसाठी उडी घेऊन झुंजणारा उंच खेळाडू), कर्णधार आणि प्रशिक्षकही तोच, आणि त्या दिवशी तो स्वतःच फॉरवर्ड पॉकेटमध्ये जाऊन उभा राहिला. रिचमंडनं अडवायचं कुणाला? जेसॉलेंकोला अडवा, तर वॉल्स. वॉल्सला अडवा, तर निकल्सचं ते अवाढव्य शरीर पुढ्यात.

समोर कच्चा संघ होता असंही नाही. रिचमंडनं त्या दिवशी १५० गुण केले आणि तरी हरले.

वेरिबीकर:

१९८७ चा मुद्दा रास्त आहे, त्याला बगल देत नाही. पण त्या फायनलपर्यंत संघ पोचला तो कसा? प्रिलिमिनरी फायनलला, म्हणजे ग्रँड फायनलच्या आधीच्या बाद सामन्यात, मेलबर्न पुढे होते. अखेरच्या क्षणी मेलबर्नचा जिम स्टाइन्स किक मारणाऱ्यासमोरून आडवा धावला, पंधरा मीटर पुढून मारायची पेनल्टी मिळाली, आणि भोंगा वाजून गेल्यावर बकेनारानं गोल मारून दोन गुणांनी सामना काढला. मोसमाचं ओझं फ्लँकवरच्या माणसानं पेललं. मी ज्याला फळीची खोली म्हणतो ती हीच.

१९७२ बद्दल एक. १९६९ पासून नियम बदलला होता: किक टप्पा न पडता थेट सीमेबाहेर गेली तर समोरच्या संघाला फ्री किक. त्यामुळे बचावपटूंना चेंडू बाहेर भिरकावून सुटका करून घेता येईना आणि सगळ्यांचेच गुण वाढले. १७७ चं मोल मला कळतं, पण ते त्या काळाच्या भावात मोजायला हवं. हरणाऱ्यानंही १५० केले, त्यातच ते दिसतं.

पुणेरी मॅग्पाय:

तुम्ही सगळे रंगीत टीव्हीच्या काळातच अडकलात. कॉलिंगवुड १९२७ ते १९३०, लागोपाठ चार प्रीमियरशिप, म्हणजे लीगची विजेतेपदं. हे पुन्हा कुणाला जमलेलं नाही. गॉर्डन कॉव्हेंट्रीनं १९२९ ला १२४ गोल केले. मोसमात शंभरी गाठणारा तो लीगमधला पहिला. १९२८ च्या ग्रँड फायनलला त्याचे नऊ. ॲब्लेटच्या ज्या नऊ गोलांचं एवढं कौतुक होतं, त्यांनी हा जुना विक्रम गाठला, मोडला नाही. कॉव्हेंट्रीच्या गोलांची एकूण बेरीज १९९९ पर्यंत कुणाला ओलांडता आली नाही.

त्या संघाला ‘मशीन’ म्हणत. चेंडू कुठून निघून कुठे पडणार हे प्रत्येकाला ठाऊक असायचं.

टेस्टवेडा:

क्रिकेटच्या वाटेनं इकडे आलेला आहे, म्हणून माझा जीव साउथ मेलबर्नवर. फुल फॉरवर्डला बॉब प्रॅट, १९३४ ला १५० गोल. एका मोसमातला हा विक्रम अजून अबाधित आहे. १९७१ ला पीटर हडसननं बरोबरी केली, पण पुढे जाता आलं नाही. आणि प्रॅटच्या पुढ्यात लॉरी नॅश. हा नॅश तोच, ज्यानं १९३२ ला मेलबर्न कसोटीत पदार्पणात १८ धावांत ४ बळी घेतले, आणि दक्षिण आफ्रिका ३६ त गारद झाली. कसोटीत वेगवान गोलंदाजी करणारा माणूस सेंटर हाफ फॉरवर्डला! आपल्यातले बरेच जण एमसीजी ओळखतात ते बॉक्सिंग डे कसोटीमुळे. त्याच गवतावर हा माणूस दोन्ही खेळांत राज्य करत होता. १९३३ ला प्रीमियरशिप, आणि पुढची तिन्ही वर्षं ग्रँड फायनल.

वेरिबीकर:

टेस्टवेडा, नॅशबद्दल शंभर टक्के सहमत. पण १९३५ ची ग्रँड फायनल आठवा. दोन दिवस आधी विटांच्या ट्रकनं प्रॅटला ठोकरलं, तो खेळू शकला नाही आणि साउथ हरलं. पुढच्या-मागच्या दोन ग्रँड फायनलही हरले, त्या तर प्रॅट असताना. चारांत एक हे माझ्या लेखी कमी पडतं.

ॲडलेडकर:

केन फार्मरचं नाव अजून कुणीच काढलं नाही? नॉर्थ ॲडलेडकडून १४१७ गोल, १९३० ते १९४० लागोपाठ अकरा मोसमांत शंभरी. व्हिक्टोरियाच्या लीगमध्ये नव्हता एवढ्यावरून त्याला मोजायचंच नाही, हा मेलबर्नवाल्यांचा जुना अन्याय आहे. तुम्ही मराठी माणसं तरी तो पुढे चालवू नका.

जिलाँगकर:

वेरिबीकरांची कसोटीच मला मान्य नाही. ॲब्लेटनं नऊ केले म्हणून उरलेल्यांनी केलेले बारा गोल कमी कसे ठरतात? ग्रँड फायनलला उरलेल्या लोकांनी बारा गोल केले! कित्येक संघ फायनलला सगळे मिळून तेवढे करत नाहीत. आणि ग्रँड फायनलच्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ मेडल हरलेल्या संघाच्या ॲब्लेटलाच द्यावं लागलं.

प्रशिक्षक माल्कम ब्लाइटच्या जिलाँगसारखं आक्रमण मी दुसरं पाहिलेलं नाही. १९९२ ला ब्रिस्बेन बेअर्सविरुद्ध ३७ गोल, १७ बिहाइंड, २३९ गुण. लीगच्या इतिहासातली ही सर्वोच्च गुणसंख्या. बिली ब्राउनलेसला विसरू नका. ॲब्लेट दोघातिघांना अंगावर ओढायचा आणि ब्राउनलेस मोकळा सुटायचा. १९८९, ९२, ९४, ९५, चार ग्रँड फायनल हरलो हे खरं. पण त्या हरण्यात दोष फळीचा होता, की मागच्या बचावाचा? १३८ गुण करून हरलात तर बोट कुणाकडे दाखवायचं ते तुम्हीच सांगा. फॉरवर्ड लाइनचं काम गोल करणं. ते तिनं केलं. प्रीमियरशिप अठरा जणांची असते.

नाशिक टायगर:

गोल करणं एवढंच काम? जिलाँगकर, इथेच चुकतंय. बचावपटूकडे गेलेला चेंडू तिथेच परत हिसकावून घेणं हेही फॉरवर्डचंच काम आहे. कबड्डीत नुसती चढाई करणाऱ्यांचा संघ जिंकत नाही, कोपरेही धरावे लागतात.

२०१७ बघा. ॲडलेड हा त्या मोसमात सर्वाधिक गुण करणारा संघ. टेलर वॉकर, जॉश जेंकिन्स, टॉम लिंच, एडी बेट्स. कागदावर बघून धडकी भरावी. रिचमंडकडे उंच म्हणावा असा एकटा जॅक रीवॉल्ट, आणि भोवती बटलर, कस्टॅन्या, डॅनियल रिओली अशी बुटकी, चपळ पोरं. ॲडलेडच्या बचावाला श्वास घेऊ दिला नाही. निकाल १०८-६०. आमच्या रिचमंडच्या फळीला सर्वकालीन थोर म्हणणार नाही मी. पण त्या दिवसानंतर फक्त गोलांचे आकडे टाकून कुणी वाद घातला तर मला पटत नाही.

हॉक्स_२०१४:

मीही हॉथॉर्नचाच, पण वेरिबीकर, तुमची कसोटी तुमच्या आवडत्या संघापेक्षा आमच्या पिढीच्या संघानं जास्त कडक पार केली आहे.

२००८ ला लान्स फ्रँकलिनचे ११३ गोल आणि प्रीमियरशिप. मोसमात शंभरी करणारा तो आजवरचा शेवटचा. २०१३ ला पुन्हा प्रीमियरशिप. आणि मग तो सिडनीला गेला, नऊ वर्षांच्या करारावर. तुम्ही म्हणता मोठा माणूस जखडला तर काय. इथे मोठा माणूस नुसता जखडला गेला नाही, तो समोरच्या जर्सीत येऊन उभा राहिला! २०१४ चं सर्वाधिक गोलांचं कोलमन मेडल त्यानं सिडनीकडून जिंकलं, ग्रँड फायनलला आमच्याविरुद्ध चार गोल केले. आणि आम्ही ६३ गुणांनी जिंकलो. जॅरिड रफहेडचे पाच. पुढच्या वर्षी परत प्रीमियरशिप, सिरिल रिओलीला नॉर्म स्मिथ मेडल.

रफहेड उंच आणि दणकट. गन्स्टन उंच, पण निशाणा शांत. ब्रूस्ट आणि पुओपोलो खाली पडलेला चेंडू टिपणारे. आणि रिओली. बचावपटूला मागून पावलं ऐकू यायच्या आत तो टॅकल करायचा. नाशिक टायगर म्हणतात ते हिसकावणंही या फळीत होतं, आणि गोलही होते.

वेरिबीकर:

हा इथला सर्वांत जड प्रतिसाद. रात्रभर डोक्यात होता.

तरी एक फरक मांडतो. २०१४ च्या फळीला चेंडू देणारे हॉज, मिचेल, लुईस होते, आणि त्यांची किक इतकी नेमकी की फॉरवर्डला मोकळ्या जागी, पुढ्यात मिळायची. १९८९ ला किक उंच, लांब, गर्दीत यायची आणि प्रत्येक चेंडूसाठी हवेत झुंज. मागून गुडघे, बाजूनं कोपर, आणि त्यातून डन्स्टलनं वर्षाला १३८ काढले. एकास एक लढतीत बचावपटूला हरवणं हा फॉरवर्डचा मूळ धर्म आहे असं मी मानतो, आणि त्या बाबतीत डन्स्टल-ब्रेरटन जोडीपुढे २०१४ मधलं एकही नाव मला ठेवता येत नाही. रिओलीसुद्धा नाही.

हॉक्स_२०१४:

चेंडू नेमका येतो तो समोर कुणीतरी योग्य वेळी धावत सुटलेला असतो म्हणून. ती धाव मोजायला स्कोअरकार्डात रकाना नाही. गन्स्टननं बचावपटूला दोनदा उलट्या दिशेला नेऊन तिसऱ्यांदा मोकळी जागा काढली, तर तीही एकास एक लढतच आहे, फक्त हवेतली नाही.

कार्ल्टनवाली:

आणि दोघंही हॉथॉर्नच्या घरातच भांडताय. १७७ अजून मोडलेला नाही, एवढं नोंदवून ठेवते. नियम १९६९ पासून सगळ्यांनाच सारखा आहे, वेरिबीकर. मग १९८८ ला मेलबर्नचा बचाव कोसळलेला असताना तुमच्या फळीला १५२ वरच का थांबावं लागलं?