मदत हवी आहे: नवोदय (केंद्र सरकारची निवासी शाळा) सहावीच्या प्रवेश परीक्षेची तयारी, पोरीला यवतमाळला ठेवावं का गावातच करून घ्यावी?

नमस्कार सगळ्यांना. इथं पहिल्यांदाच लिहून राहिली आहे. जरा लांबलचक झालं आहे पण पूर्ण वाचजा, कारण पंधरा दिवसांत निर्णय घ्यायचा आहे अन घरात तीन माणसांचे तीन मतं आहेत.

आम्ही घाटंजीकडचे, साडेचार एकर कोरडवाहू, कापूस अन त्यात तुरीचे तास. मुलगी आत्ता चौथी पास झाली, जूनच्या शेवटी शाळा उघडली की पाचवीत जाईन. गावातलीच जिल्हा परिषदेची शाळा, पाच वर्ग न दोन शिक्षक. सर जीव लावून शिकवतात, खोटं कशाला बोलू, पण पाच वर्गांमधून एकट्या नवोदयसाठी वेळ कुठून काढतील ते.

पोरगी हिशोबात चांगली आहे हे मी आई म्हणून नाही सांगत. मागच्या हंगामात वेचणीवाल्या बायांचं वजन वहीत मांडायचं काम तिनंच केलं. काट्यावर एकीचे ४३ किलो भरले, वेचणीचा भाव ९ रुपये किलो, तर ही उभ्या उभ्या म्हणते नऊ चाळीस तीनशे साठ न वरचे सत्तावीस, काकू तुमचे ३८७ झाले. बाया तिच्यावर इतका विश्वास ठेवतात की मोबाईलवर कोणी मोजून पण पाहत नाही. पण तेच कागदावर आलं की गडबड. मी तिला ३/४ अधिक ५/६ दिलं तर सरळ ८/१० लिहून मोकळी. दोनदा समजावलं, हो हो म्हणते, तिसऱ्या दिवशी पुन्हा ८/१०.

मागच्या रविवारी घड्याळ लावून एक जुना पेपर सोडवून घेतला. ज्यांना माहीत नसन त्यांच्यासाठी सांगते, ८० प्रश्न, दोन तास, १०० मार्क, म्हणजे एकाला सव्वा मार्क. त्यात आकृत्यांचे म्हणजे मानसिक क्षमतेचे ४०, अंकगणिताचे २० अन भाषेचे २०. हिचे आकृत्यांमध्ये २२ बरोबर आले, गणितात ९ न भाषेत १५. ४६ प्रश्न, साडेसत्तावन मार्क. अन १९ प्रश्नांना तर हात पण लावला नाही, वेळच संपला. रडली नाही पण जेवताना गप्प गप्प होती, मग मलेच कसंतरी झालं.

आता खरी अडचण. माझे दीर यवतमाळला राहतात, ते म्हणतात पोरीला वर्षभर आमच्याकडं ठेवा, इथं एक क्लास आहे, तिथं नवोदय अन स्कॉलरशिपची तयारी करून घेतात. मी फोन करून विचारलं तर क्लासवाले म्हणे ४५ हजार रुपये अन नाव पण इकडच्याच शाळेत टाकून घेऊ, तुम्हाला काहीच पाहायचं काम नाही. यांचं म्हणणं कर्ज काढू पण पाठवू, पोरगी एकदाच पाचवीत जाते, अन हे खरंच आहे कारण ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. सासूबाईंचं म्हणणं दहा वर्षाच्या लेकराले आत्ताच कायले घराबाहेर काढता, नवोदयला लागली तर तशीही सात वर्षं बाहेरच राहणार आहे. माझं म्हणाल तर मी बारावी सायन्स केलेली आहे, पुढं शिकायचं राहून गेलं, मले वाटते पाचवीचं गणित मी घरी घेऊ शकते. पण भीती ही की ऑक्टोबरपासून वेचणी सुरू होते, सकाळी गेली की दिवस बुडता घरी, अन नेमकी तेव्हाच तर परीक्षा जवळ येते. माझ्या हट्टापायी पोरीचा एकुलता एक चान्स गेला तर मी स्वतःला काय उत्तर देऊ.

तर ज्यांनी घरी तयारी करून घेतली आहे किंवा जे शिक्षक आहेत त्यांनी सांगा, क्लासशिवाय होते का, अन अपूर्णांक हिच्या डोक्यात कसे बसवू, अन आकृत्यांमध्ये वेळ कसा वाचवायचा.

प्रतिसाद (जि.प. शिक्षक, गडचिरोली जिल्हा)

ताई, बाकी सगळं नंतर, आधी हे वाचा अन घरात सगळ्यांना वाचून दाखवा. मुलीचं नाव शहरातल्या शाळेत टाकू नका. नवोदयमध्ये किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, पण त्यासाठी तिसरी, चौथी अन पाचवी हे तिन्ही वर्ग पूर्ण सत्र ग्रामीण भागातल्या शाळेत झालेले पाहिजेत. माहितीपत्रकात चक्क असं आहे की या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी शाळेत शिकला तरी तो विद्यार्थी शहरी धरला जाईल. म्हणजे यवतमाळला नाव टाकलं की तिचं तिसरी-चौथीचं ग्रामीणपण पण गेलं. एका विद्यालयात सहावीच्या जास्तीत जास्त ८० जागा, त्यातल्या निदान ६० ग्रामीणच्या. त्या ६० सोडून उरलेल्या २० मध्ये शहरातल्या पोरांसोबत तिला कशाला उभं करता? क्लासवाल्यांना हा नियम माहीत नसेल असं मला वाटत नाही, पण त्यांचं सगळं लक्ष प्रवेशाच्या आकड्यावर असते. वरून मुलींना किमान एक तृतीयांश जागा आहेत, तेही तुमच्या बाजूनं आहे.

अन जिल्हा पण बदलू नका. ज्या जिल्ह्यात पाचवी शिकते अन राहते त्याच जिल्ह्याच्या नवोदयसाठी बसता येते. तुमचं म्हणजे बेलोऱ्याचं नवोदय. कोणी जर म्हणालं की नाही लागली तर पाचवी पुन्हा करू अन पुन्हा बसवू, तर तेही चालत नाही, रिपीटर बाद होतो.

अपूर्णांकाबद्दल. ती तोंडी हिशोबात हुशार आहे कारण किलो अन रुपये तिनं हातानं पाहिलेले आहेत. ३/४ तिनं कुठंच पाहिलेलं नाही, तिच्यासाठी ते वर एक आकडा न खाली एक आकडा आहे, म्हणून वरचे वरच्यात अन खालचे खालच्यात मिळवते. तिला छेद समान करायची पद्धत आत्ता सांगूच नका. घड्याळ घ्या. विहिरीवरची मोटार आधी पाऊण तास चालली, लाईन गेली, मग परत ५/६ तास चालली, एकूण किती? पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. तासाचे सहा भाग केले तर एक भाग १० मिनिटांचा, पाच भाग ५०. झाले ९५ मिनिटं. आता तिला विचारा ८/१० तास म्हणजे किती मिनिटं? ती ४८ म्हणेल अन स्वतःच थांबेल, कारण एकटे दुसऱ्या वेळचेच ५० होते. ही जी थांबते ना ती जागा महत्त्वाची आहे, तिथं तुम्ही बोलू नका. नंतर ९५/६० चे १९/१२ करायला शिकवा. दशांशासाठी घरातला सातबारा काढा. १ हेक्टर म्हणजे १०० आर. ०.४ हेक्टर म्हणजे ४ आर का ४० आर, हे आमच्या वर्गात अर्धी पोरं चुकतात, अन एकदा सातबाऱ्यावर पाहिलं की चुकत नाहीत, कारण जमीन कोणाची किती हे लेकरांना पक्कं माहीत असते.

प्रतिसाद (पालक, वाशीम)

सरांशी १०० टक्के सहमत. माझ्याकडून एकच, फॉर्म भरायच्या आधी आधार कार्ड, जन्म दाखला अन शाळेचं रजिस्टर तिन्हीवरची जन्मतारीख जुळते का पाहा. आमच्या पोराचं नाव लागलं तेव्हा कागदपत्रं तपासताना दोन महिने पळालो. फॉर्मला फी नाही, ऑनलाईन फुकट आहे, सेंटरवाला त्याच्या मेहनतीचे घेईन तेवढेच. अन परीक्षा जानेवारीतच होईन या भरवशावर राहू नका, २०२५ ला एक परीक्षा १८ जानेवारीला झाली अन पुढची त्याच वर्षी १३ डिसेंबरला. फॉर्म पण जून-जुलैतच सुरू झाले होते.

धागाकर्ती

सर, खूप खूप आभार. रात्री जेवणं झाल्यावर तुमचा प्रतिसाद यांना मोठ्यानं वाचून दाखवला. एक दिवसवालं वाक्य ऐकून हे एकदम गप्प झाले, मग स्वतःच दिराला फोन लावला. दिरानं पण मानलं, त्यांना खरंच माहीत नव्हतं, ते बिचारे चांगल्यासाठीच सांगत होते. म्हणजे गावातच राहते पोरगी हे नक्की झालं.

पण ऑक्टोबर नंतरचं काय ते अजून सुटलं नाही. अन आकृत्यांचं पण सांगा कोणी.

प्रतिसाद (नवोदयची माजी विद्यार्थिनी, सेलूकाटे, वर्धा)

काकू, मी पण शेतकऱ्याचीच मुलगी अन माझी तयारी आईनंच करून घेतली, तीही फक्त सातवी शिकलेली. ती प्रश्न वाचून दाखवायची अन मी उत्तर का आलं ते तिला समजावून सांगायचं, तिला पटलं तरच पुढचा प्रश्न. तुम्ही वेचणीला गेल्या तरी रात्री अर्धा तास एवढं करू शकता, वही पण लागत नाही. म्हणून नवीन जे शिकवायचं ते सगळं दिवाळीच्या आत संपवा, पावसाळ्यात वेळ मिळते. दिवाळीनंतर आठवड्याला फक्त एक पेपर, रविवारी, अन परीक्षेच्याच वेळेला म्हणजे साडेअकरा ते दीड, मधे पाणी प्यायला पण उठू द्यायचं नाही.

आकृत्या सगळ्यात जास्त मार्कांच्या आहेत, ५० मार्क, म्हणून गणितापेक्षा त्याला जास्त दिवस द्या. दहा प्रकार असतात अन प्रत्येकाचे चार प्रश्न. आरशातली आकृती असेल तर खरा आरसा घेऊन बसवा, आधी अंदाज काढायला लावा मग आरसा धरा. कागद दुमडून भोकं पाडायचा प्रकार असतो, त्यासाठी जुने पेपर दुमडून सुईनं टोचा अन उघडायच्या आधी तिला वहीत काढू द्या भोकं कुठं कुठं येतील. आमच्या घरी त्या वर्षी एक पेपर धड राहिला नव्हता. वेगळी आकृती ओळखा यात जास्त वेळ जाते, तिथं आधी रेषा मोजायच्या, मग कोपरे, मग दिशा, हा क्रम ठरवून टाका म्हणजे डोळे भटकत नाहीत. अन नकारात्मक गुण नाहीत, त्यामुळे १९ प्रश्न कोरे सोडले हे चूक झालं, शेवटची पाच मिनिटं राहिली की उरलेल्या सगळ्यांना गोल करायचेच.

आणखी एक जे मला कोणी सांगितलं नव्हतं. उत्तरपत्रिकेवर गोल पेननं काळे करायचे असतात, निळा किंवा काळा बॉलपेन, पेन्सिल चालत नाही, खोडता येत नाही. चौथीपर्यंत आपल्या शाळेत पेन्सिलच असते. जूनपासूनच पेन द्या हातात. भाषेत चार उतारे असतात, प्रत्येकी पाच प्रश्न, तुमची १५ वर आहे तर रोज एक उतारा पुरे.

आजीला माझ्याकडून सांगा की सुरुवातीचे दोन महिने मी रोज रडले हे खरं आहे. सहावी ते आठवी काही पैसे लागत नाहीत, नववीपासून जो विकास निधी म्हणजे शाळेची महिन्याची फी लागते ती पण मुलींना माफ आहे. गणित-सायन्स पुढच्या वर्गात इंग्रजीत होते अन नववीत काही मुलं वर्षभरासाठी हिंदी राज्यातल्या नवोदयला जातात, मी गेले होते. हे आधीच घरात बोलून ठेवा, लागल्यावर नको.

प्रतिसाद (जि.प. शिक्षक, गडचिरोली जिल्हा)

वरच्या ताईंनी फार छान सांगितलं. फक्त एक जोडतो, नवोदय नाही लागली तर तिला असं वाटू देऊ नका की दार बंद झालं. केलेली मेहनत शिष्यवृत्ती परीक्षेला कामी येते, अन आठवीत एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा आहे, त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. चंद्रपूरची सैनिक शाळा पण सहावीला मुली घेते, तिथं ३०० पैकी १५० मार्क एकट्या गणिताचे असतात, पण फी बरीच आहे, ते पाहून ठरवा.

धागाकर्ती

सगळ्यांचं वाचलं, सासूबाईंना पण वाचून दाखवलं. दोन महिने रडले हे ऐकून त्यांनी पदर डोळ्याला लावला, पण मग म्हणे पोरगी शिकून काय करते ते विचार तिले. तर वर्ध्याच्या ताई, सांगा आम्हाला तुम्ही आता काय करता.

काल मोटारीचं गणित दिलं. ९५ मिनिटं पटकन सांगितलं. मग मी विचारलं ८/१० तास म्हणजे किती, तर बोटं मोजून म्हणे ४८, अन थांबली. सर, मी तोंड घट्ट मिटून बसली होती. दोन मिनिटं काहीच बोलली नाही, मग म्हणे आई, मोटार उलटी चालली का, मिळवलं तर कमी कसे झाले. अन स्वतःच वही ओढून घेतली.

वाशीमवाल्या दादांचं ऐकून कागदं काढली तर आधारवर जन्मतारीख एक आहे अन शाळेच्या रजिस्टरमध्ये तीन दिवसांचा फरक आहे. ग्रामपंचायतीचा जन्म दाखला शाळेसोबत जुळते. आता आधी आधार दुरुस्त करायचं न? घाटंजीला सेंटर आहे, सोमवारी जाते.

प्रतिसाद (पालक, वाशीम)

हो, आधारच. जन्म दाखल्याची मूळ प्रत घेऊन जा, झेरॉक्सवर घेत नाहीत. पावती जपून ठेवा. पोरीला सोबत न्यायला विसरू नका, नाहीतर दुसरी चक्कर होईन.