लाइटरूमचा नवा डीनॉइज सरसकट सगळ्या फोटोंवर लावावा का?

शटरगती: लाइटरूम क्लासिक या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२३ साली एआय डीनॉइज (फोटोतला नॉइज, म्हणजे दाणे, काढणारी सोय) आला, तेव्हा दर फोटोमागे वेगळी डीएनजी (अडोबीच्या रॉ प्रकारातली) फाइल तयार व्हायची आणि ती मूळ रॉपेक्षा, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलपेक्षा, बरीच मोठी असायची. १४.४ आवृत्तीपासून ती भानगड संपली. डिटेल पॅनलमध्ये खूण करायची, नको वाटलं तर काढायची. म्हणून माझं मत: इम्पोर्ट झाल्या झाल्या आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० च्या वरचे सगळे रॉ निवडा आणि एकदम लावून टाका.

दाणेदार: अजिबात नको. एक तर आयएसओ ही गाळणीच चुकीची आहे. आयएसओ ३२०० ला नीट एक्स्पोज केलेल्या फोटोपेक्षा आयएसओ ४०० ला अंधारा निघालेला आणि नंतर तीन स्टॉप, म्हणजे आठ पट, उजळवलेला फोटो जास्त दाणेदार दिसू शकतो. दुसरं, डीनॉइजच्या प्रमाणाचा स्लायडर सुरुवातीला येतो ५० वर. तो आकडा तुमचा फोटो बघून ठरलेला नसतो. १:१ झूम करून केस, कापडाची वीण आणि लांबच्या पाटीवरची अक्षरं तपासा. प्रमाण वाढलं की त्वचा प्लास्टिकसारखी होते, आणि बारीक अक्षरांच्या जागी अक्षरांसारखे दिसणारे पण वाचता न येणारे आकार उमटतात. २०-३० पासून सुरुवात करा.

शटरगती: आकडा कमी ठेवा, हरकत नाही. पण काम आधीच उरका. एआय मास्क (फोटोचा ठरावीक भाग निवडणं) आणि रिमूव्ह (नको ते पुसणं) आधी केले आणि डीनॉइज नंतर लावला, तर ते पुन्हा अपडेट करावे लागतात, आणि मास्कची कड सरकली का हे परत बघत बसावं लागतं.

काँटॅक्टशीट: क्रम बरोबर, ‘सगळे’ चूक. आधी निवड, मग डीनॉइज, मग मास्क. ग्राफिक्स कार्ड जुनं असेल तर एकेका फोटोला काही मिनिटं लागतात. बाद होणाऱ्या फोटोंवर ती कशाला घालवायची? शिवाय फोटो फक्त स्क्रीनसाठी असेल तर हिशोब करा. ६००० पिक्सेल रुंद फोटो २००० वर आणला की नऊ पिक्सेलचा एक होतो आणि नॉइज साधारण एक तृतीयांशावर येतो. तिथे डीनॉइजची गरज बहुतेक वेळा उरतच नाही.

शटरगती: पक्ष्यांच्या फोटोंचं काय? क्रॉप करून चौकटीचा पावच भाग ठेवला की रुंदीत उरतातच ३००० पिक्सेल. लहान करण्याचा फायदा तिथे फारसा मिळत नाही.

दाणेदार: तिथे लावाच, माझा विरोध सरसकटपणाला आहे. बाकी फोटोंना जुने स्लायडर पुरतात: ल्युमिनन्स (उजेड-अंधाराचे दाणे) १५ ते २५, कलर (रंगीत ठिपके) मुळातल्या २५ वर. मग ऑल्ट दाबून शार्पनिंगचं मास्किंग वाढवा, आकाश पूर्ण काळं दिसेपर्यंत; काळ्या भागावर शार्पनिंग होत नाही. मूळचं ४० चं शार्पनिंग आकाशातले दाणेच उठवत असतं, आणि पुष्कळदा लोक त्यालाच नॉइज समजून डीनॉइजकडे धावतात.